वाड्यावरची बोली: गोव्यात मूळ घर कोणाच्या पदरात पडते

चार भाऊ, दोन बहिणी, मधे राजांगण असलेला शे-दीडशे वर्षांचा वाडा, आणि ‘घर विकायचे नाही’ यावर सगळ्यांचे एकमत. भांडण पेटायला एवढे पुरते. विकायचेच असते तर पैसे वाटून मोकळे झाले असते. ठेवायचे म्हटल्यावर ठेवणार कोण, हा प्रश्न येतो. गोव्यात या प्रश्नाला नेमून दिलेली वाट आहे. सगळे वारस कोर्टात जमतात आणि घरावर आपसात बोली लावतात. बाहेरच्या माणसाला त्या बोलीत जागा नसते. जो जास्त बोलतो त्याला घर मिळते, आणि बाकीच्यांना त्याने पैसे द्यायचे असतात. या कामाला कोर्टात इन्व्हेंटरी म्हणतात आणि बोलीला लिसिटेशन. बोलीचा दिवस यायच्या कितीतरी आधी बहुतेक घरांचा निकाल लागलेला असतो, पण हे घरच्यांना फार उशिरा कळते.

आधी कायदा. मुंबई-पुण्याचे नातेवाईक हमखास १९५६चा हिंदू वारसा कायदा घेऊन येतात. गोवेकरांच्या वारशाला तो लागू होत नाही. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७०पासून लागू झाला, मुक्तीनंतरही तो चालू राहिला, आणि त्यातला वारशाचा भाग आता राज्याच्या २०१२च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आला आहे. हा कायदा २२ डिसेंबर २०१६पासून अमलात आहे. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असा भेद त्यात नाही आणि मुलगा-मुलगी हाही नाही. ‘लग्न होऊन गेली, तिचा कसला वाटा’ हे वाक्य गोव्यात दीडशे वर्षांपूर्वीच कायद्याबाहेर गेले आहे. वसरीवर मात्र अजून ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: मूळ गोवेकराची गोव्याबाहेरची मालमत्तासुद्धा याच कायद्याने वाटली जाईल. म्हणजे वडिलांचा दादरचा फ्लॅटही वाड्याच्याच यादीत.

वाटे कसे पडतात ते आकड्यांत पाहू. वाड्याची किंमत २ कोटी ४० लाख धरा, आणि मुले तीन. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते. वडील गेले तर अर्धा वाडा, म्हणजे १ कोटी २० लाख, आईचा स्वतःचाच. तो वारसा नव्हे, आधीपासूनचा मालकीहक्क. उरलेला अर्धा तीन मुलांत, प्रत्येकी ४० लाख. पुढे आई गेली की तिचा अर्धाही तसाच वाटला जातो आणि प्रत्येकाचे ८० लाख होतात.

आता आईने मृत्युपत्र केलेले असेल तर? तिला आपल्या वाट्याचा फक्त अर्धा भाग, ६० लाख, हवा त्याला देता येतो. दुसरा अर्धा मुलांसाठी राखीव, त्याला हात लावता येत नाही. तिने आपल्या हातातले ६० लाख धाकट्याला दिले तर त्याचे वडिलांकडून ४०, आईकडून ६० आणि राखीव भागातले २० असे १ कोटी २० लाख होतात. बाकी दोघांचे प्रत्येकी ६०. वाड्याचा अर्धा हिस्सा एकट्या धाकट्याकडे आला, तोही कोणाला बेदखल न करता. हा आकडा पुढे बोलीच्या वेळी लागणार आहे.

मृत्युपत्र मात्र स्पेशल नोटरीसमोर, म्हणजे या कामासाठीच्या सरकारी नोटरीसमोर, झालेले हवे. वहीच्या कागदावर लिहून, सही करून, कपाटात दागिन्यांखाली ठेवलेले मृत्युपत्र इथे चालत नाही. बक्षीसपत्राचीही गंमत अशीच आहे. आईवडिलांनी हयातीत एका मुलाला काही दिले असेल, तर तसे स्पष्ट वगळले नसल्यास ते वाटणीच्या वेळी हिशेबात परत ओढले जाते. ‘मला तो प्लॉट वडिलांनी आधीच दिला, तो वेगळा’ असे म्हणून भागत नाही.

सर्वांत जास्त गैरसमज उत्तराधिकार पत्राबद्दल, म्हणजे डीड ऑफ सक्सेशनबद्दल, आहे. स्पेशल नोटरीकडे ते झाले की लोकांना वाटते घर नावावर झाले. त्या पत्रात वारस कोण एवढेच जाहीर होते. कोणाला कोणती खोली, हे त्यात नसते. त्यानंतर सगळे सज्ञान असतील आणि पटत असेल तर सब-रजिस्ट्रारकडे वाटणीपत्र नोंदवावे. ते सगळ्यांत स्वस्त आणि लवकर होते. पटत नसेल तर इन्व्हेंटरी. वारसांत एखादे अल्पवयीन मूल असेल तर आपसातल्या कागदावर विसंबूच नये.

इन्व्हेंटरीचा अर्ज दिवाणी कोर्टात जातो आणि कोर्ट एक कुटुंबप्रमुख नेमते. जुने वकील अजून त्याला पोर्तुगीज नावाने ‘कबेसा द काझाल’ म्हणतात. सर्वसाधारणपणे हयात जोडीदार, तो नसेल तर मृताबरोबर राहणारे मूल. हा माणूस मालक नव्हे, व्यवस्थापक. शपथेवर वारसांची नावे, मृत्यूच्या तारखा, मृत्युपत्रे, बक्षिसे सांगायची आणि मालमत्तेची यादी किमतीसकट द्यायची, हे त्याचे काम. नारळाचे पाडे, काजूचा लिलाव, भाडे यांचा हिशेबही त्यालाच द्यावा लागतो. वाड्यात राहणारा भाऊ प्रमुख झाला की त्याला आपण जिंकलो असे वाटते. खरे तर पुढची काही वर्षे तो बाकीच्यांना हिशेब देणारा कारकून झालेला असतो.

प्रत्येक वारसाच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही पक्षकार करावे लागते, कारण समाईक मालमत्तेमुळे त्यांचाही हक्क गुंतलेला असतो. जावयाचे नाव राहिले म्हणून नोटीस पुन्हा काढावी लागणे ही नेहमीची रखडपट्टी आहे. परदेशातल्यांचे मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत केलेले किंवा अपोस्टील केलेले, म्हणजे त्या देशाच्या सरकारचा प्रमाणशिक्का असलेले, हवे, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यायला हवा. लिस्बन किंवा स्विंडनहून आलेला लिफाफा खणात पडून राहिला की ती मुदत टळते.

कागदांवर मात्र सावकाश बसायला हवे. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, आणि सर्व्हेचा नकाशा सगळेच काढतात. गावच्या सर्व्हेत त्या काळी घरात राहणाऱ्या एखाद्या काकांचे एकट्याचे नाव लागलेले असते, आणि त्यांची मुले त्यालाच मालकी समजतात. ती नोंद खरी आहे असे गृहीत धरले जाते खरे, पण पुराव्याने ती खोडता येते. तो पुरावा जुन्या लँड रजिस्ट्रेशनच्या वह्यांत असतो: डिस्क्रिप्शनचा (मालमत्तेच्या वर्णनाचा) नंबर, वहीचा नंबर, पान, आणि त्यावर कोणाच्या नावे इन्स्क्रिप्शन (मालकीची नोंद) आहे ते. सोबत महसुलाच्या मात्रीजची, म्हणजे जुन्या करवहीची, नोंद. चतुःसीमा पोर्तुगीजमध्ये असतात, ‘पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस ओहळ’ अशा थाटाच्या (भाट म्हणजे बागायती जमीन), त्यामुळे अनुवाद करून आजच्या सर्व्हे नंबराशी जुळवून घ्यावा लागतो. जुनी नोटरीची दप्तरे पणजीच्या पुराभिलेख खात्यात सापडतात. प्रमाणित प्रत स्वतः काढा, कोणी हातात दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. पोर्तुगीज काळातले बनावट कागद घुसवून रिकामी घरे आणि भाटे लाटल्याची इतकी प्रकरणे निघाली की २०२२मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. घरपट्टीची पावती कोणाच्या नावे आहे यावर वाद घालणे मात्र निव्वळ वेळेचा अपव्यय. पंचायत कर घेते, मालकी देत नाही.

एक-चौदावरचे कुळाचे आणि ‘इतर हक्क’ हे रकाने वाचायला विसरू नका. वाड्याभोवतीचे दहा हजार चौरस मीटर भाट कागदावर भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, दिसते, पण त्यात कुळे असतील तर कूळ कायद्याने त्यांतले बरेचसे हातचे गेलेले असते. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांचेही तसेच. १९७५च्या कायद्याप्रमाणे मुंडकाराला आपले घर आणि पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते. आवारात चार मुंडकार असले तर १,२०० चौरस मीटर बाजूला काढूनच किंमत धरावी. उरलेली जमीन सेटलमेंट (वस्तीच्या) झोनमध्ये आहे की फळबागेच्या, याचा दाखला नगरनियोजन खात्याकडून घ्यावा. ह्या एका कागदाने किंमत कित्येक पट हलते.

यादीत स्थावर नीट लिहिले जाते. गळते ते जंगम. शिसवी पलंग, झुंबरे, चिनी मातीची भांडी, देवघरातली चांदी, तांब्याची हंडे-घंगाळे. तेराव्यानंतर घर रिकामे होते ते उगाच नाही. पहिल्या महिन्यातच दोन शाखांच्या माणसांनी मिळून खोलीवार फोटो काढावेत, प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा लागतो. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे परदेशातल्या भावाने आजोबांचे झुंबर मागितले तर ते त्याला इथेच ठेवावे लागेल.

यादीतली किंमत म्हणजे बोलीचा तळ. ती कमी धरली असे वाटले तर हरकत घेऊन मूल्यांकन मागता येते. घर हवे असणारा किंमत खाली धरतो, पैसे हवे असणारा वर. दोन्ही बाजू याच टप्प्यावर वर्षे घालवतात, आणि ती बहुतांशी वाया जातात, कारण हव्या असलेल्या घराची खरी किंमत बोलीतच बाहेर येते.

आता बोलीचा हिशेब. सोपे उदाहरण: इस्टेटीत फक्त वाडा, यादीतली किंमत १ कोटी २० लाख, तीन सारखे वारस. थोरल्याने १ कोटी ८० लाखांवर बोली संपवली. आता वाटे १ कोटी ८० लाखांवर मोजायचे, प्रत्येकी ६० लाख. थोरल्याला ६०च्या जागी १८०चे घर मिळाले, म्हणून वरचे १ कोटी २० लाख त्याने दोघांना रोख द्यायचे. या रकमेला कोर्टात ओवेल्टी म्हणतात. म्हणजे बोली ३ लाखांनी वाढली की त्याच्या खिशातून २ लाखच जातात, तिसरा लाख तो स्वतःलाच देत असतो. भावनेच्या भरात लोक संपूर्ण बोली रोखीत मोजतात आणि फार लवकर थांबतात. किंवा उलट, ओवेल्टी विसरून बेफाम चढतात.

वाटा मोठा तर बोली स्वस्त. मधल्या बहिणीने आपला वाटा आधीच रीतसर दस्ताने थोरल्याला विकला, तर थोरल्याकडे दोन तृतीयांश झाले. आता १ कोटी ८० लाखांच्या बोलीवर त्याला फक्त ६० लाख रोख लागतात. तीच बोली धाकट्याने लावली तर त्याला १ कोटी २० लाख उभे करावे लागतील. एकच आकडा, पण एकाला दुपटीने जड. म्हणूनच खरी लढाई बोलीच्या आधी होते: बहिणींचे वाटे कोण, किती किमतीला, कोणत्या कागदावर घेतो. आईच्या मृत्युपत्रातल्या त्या ६० लाखांचे वजनही इथेच कळते. अर्ध्याचा मालक झालेल्या धाकट्याला बोलीच्या निम्मेच रोख द्यावे लागतात, बाकी दोघांना मात्र स्वतः घर घ्यायचे तर तीन चतुर्थांश.

घर नको असलेला वारसही बोली लावतो, ओवेल्टी वाढवण्यासाठी. डाव सोपा आहे, पण समोरचा मधेच गप्प बसला तर घर गळ्यात पडते आणि पैसे आपल्याला भरावे लागतात. समोरच्याची रोख ताकद ठाऊक नसेल तर हा खेळ करू नये. आणि इस्टेटीत घराशिवाय काजूचे भाट, बँकेतली ठेव, पणजीचा फ्लॅट असेल तर घर हवे असणाऱ्याने बाकी कशावरही बोली लावू नये. ती मालमत्ता दुसऱ्यांच्या वाट्यात जाते आणि तेवढी ओवेल्टी कमी होते. सगळ्याच गोष्टींवर ईर्ष्येने बोलत सुटलेला माणूस शेवटी घराच्या वेळी दमलेला असतो. दोघा-तिघांना मिळून एक बोलीही लावता येते. दोन बहिणींनी एकत्र येऊन भावाला मागे टाकायचे तर हाच मार्ग.

पैसे ठरल्या मुदतीत भरले नाहीत तर बाकीचे वारस घर स्वतःकडे मागू शकतात किंवा विक्रीचा आग्रह धरू शकतात. इथे एक अडचण ठरलेली: बँक कर्ज देताना स्वच्छ मालकी मागते, आणि मालकी ओवेल्टी भरल्यावर येते. तेव्हा बोलीची कमाल मर्यादा घराच्या किमतीवरून नव्हे, दुसऱ्या कशावर तरी उभ्या केलेल्या रकमेवरून ठरवावी.

‘घरच मधोमध वाटू’ हा पर्याय कोणीतरी सुचवतोच. चांदरचे मिनेझिस ब्रागांझा घर असेच दोन शाखांत आहे, पूर्वेचा भाग एकीकडे, पश्चिमेचा दुसरीकडे. पण तिथे लांबलचक सलग दर्शनी भाग आहे, मधोमध कापता येण्याजोगा. चौसोपी हिंदू वाड्याचे छप्पर राजांगणाकडे उतरते, चारी बाजूंचे पाणी एकाच मोरीतून बाहेर जाते, विहीर एक, देवघर एक. राजांगणात भिंत घातली की पाणी एका बाजूला तुंबते आणि दोन पावसाळ्यांत चिऱ्याच्या जोत्याला ओल धरते. छपराचे आढे दोन मालकांत गेले की दुरुस्ती दोघांनी एकाच वेळी करायला हवी, आणि ती कधी होत नाही. वाटणी करायचीच असेल तर आधी पाण्याच्या वाटा, विहीर आणि छपराच्या दुरुस्तीचा करार लिहून मग भिंतींकडे वळावे.

खटला चालू असताना घराला सर्वांत मोठा धोका पावसाचा. दरवर्षी मे महिन्यात कौले परतली नाहीत की फुटक्या कौलातून पाणी रिपांवर, तिथून वाशांवर, मग वाळवी. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीच्या माथ्यावर छप्पर नसेल तर मधली माती धुपते आणि भिंत पोटातून सुटते. मग बोली पडक्या घरावर लावायची वेळ येते. ‘जैसे थे’ आदेश मागताना आवश्यक दुरुस्ती त्यातून वगळून घ्या, नाहीतर कौल बदलणाराही अवमान करतो. आवश्यक खर्च प्रमुखाला इस्टेटीतून मागता येतो, पण पावती हवी. सुताराची सही असलेला साधा कागदही चालतो. नवी टाइल्सची फरशी किंवा एसी हा आवश्यक खर्च नव्हे.

वाटा सोडण्याच्या कागदाबद्दल बहिणींना विशेष सांगायला हवे. हक्क सोडणे म्हणजे संपूर्ण वारसा सोडणे. अर्धा सोडला, अट घातली, असे होत नाही. आणि तो कोणा एका भावाला मिळत नाही, बाकीच्या सगळ्यांत वाटला जातो. एकाच भावाला द्यायचा असेल तर दस्त वेगळा, आणि त्यात मोबदला लिहावा. नवऱ्याची सहीही लागते. एखाद्याने बाहेरच्या माणसाला अविभक्त वाटा परस्पर विकला तर बाकीच्यांना तेवढीच रक्कम भरून तो स्वतःकडे घेण्याचा हक्क आहे. दिल्लीचा ग्राहक कोऱ्या चेकसह वसरीवर येऊन बसला तरी घाबरू नये, पण कळल्याबरोबर वकील गाठावा; उशीर झाला तर हा हक्क जातो.

चवथीचे, म्हणजे घरच्या गणपतीचे, काय, हे कोणत्याच अर्जात नसते आणि हुकूम झाल्यावर पहिल्यांदा तेच फुटते. ज्याला घर मिळाले त्याच्या मनात आले तर बाकीच्यांना दार बंद. म्हणून समेट होत असताना ओवेल्टीच्या आकड्याबरोबरच लिहून घ्यावे: गणपती याच खोलीत बसणार, किती दिवस, खर्च कोणाच्या पाळीचा, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांचे) सामान कोण आणणार, वर्षातले किती दिवस कोणत्या शाखेला उतरायला दोन खोल्या मिळणार. कोर्टात नोंदवलेल्या समेटात ही कलमे असली तर त्यांना वजन येते. चवथीच्या पाळीच्या बदल्यात पाच-सात लाखांनी ओवेल्टी कमी करायला बहिणी तयार होतात, हे घर हवे असलेल्या भावांच्या लक्षात क्वचितच येते.

शेवटी वाटणीचा तक्ता मंजूर होतो. त्यावर मुद्रांक भरून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायचा, मग एक-चौदावर नाव चढवण्यासाठी म्युटेशनचा अर्ज. तिथे पुन्हा सगळ्यांना नोटीस जाते, आणि हरलेला भाऊ पुन्हा हरकत घेतो. तेव्हा तक्त्याची प्रमाणित प्रत पुढे करायची. घरपट्टी आणि विजेचे मीटर नंतर, सवडीने.